बेडूक, कासव आणि खेकडा

फुप्पीच्या टाळूला गाठ आहे हे आम्हाला कळलं तेव्हा ती गाठ सात वर्षांची झाली होती. कळलं तेही फुप्पीनं सांगितलं म्हणून नव्हे. तिचे वरचे दात पडले, कवळी करायला तिला परंड्याहून बार्शीला नेलं, आणि माप घेता घेता डॉक्टर थांबले. टाळूच्या मागच्या बाजूला, मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे, साखरी बोराएवढा टणक, गुळगुळीत उंचवटा. दाबला तर दुखत नव्हता, वरची कातडी शाबूत होती. "आजी, हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. फुप्पी गप्प. घरी आल्यावर अम्मीजवळ बोलली, "दुखता नै, सलता नै. कायकू बोलना?"

न बोलण्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे बडे अब्बा, तोंडाच्या कॅन्सरनं गेले. आयुष्यभर तंबाखू-चुना. गालात आतून जखम झाली तेव्हा 'उष्णता झाली' म्हणून कात लावला, मध लावला, एका मौलवीसाहेबांकडून पाणी पढून आणलं. दवाखान्यात नेलं तेव्हा जबडा उघडत नव्हता. शेवटचे महिने फुप्पीनंच त्यांना चमच्यानं खीर भरवली. त्यामुळे जिभेला पहिल्यांदा ती गाठ लागली त्याच दिवशी तिनं मनाशी निकाल लावून टाकला असणार. शिवाय नातीचं लग्न जमवायचं होतं. 'त्या घरात कॅन्सर आहे' असं एकदा पसरलं की सोयरीक करणारे पाय मागे घेतात, हे तिनं पाहिलेलं. मधल्या काळात गावातल्या एका दवापाणी करणाऱ्या माणसाला तिनं चोरून दाखवलंही होतं. तो म्हणाला, फोडून टाकतो. नशीब की ती घाबरून परत आली. हे नशीब का, ते पुढे सांगतो.

सुईची तपासणी झाली, सीटी स्कॅन झाला. कागदावर लिहून आलं 'प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा', लाळग्रंथीची साधी गाठ. कॅन्सर नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, वैद्यक मला कळत नाही, पण शब्द दिसला की त्याच्या मागे जायची खोड आहे. ह्या शब्दामागे गेलो आणि हजार-दीड हजार वर्षं मागे पोहोचलो. तिथे मला एक बेडूक भेटला, एक कासव भेटलं आणि खेकडा तर होताच.

आधी बेडूक. कुर्तुबाजवळच्या मदीनतुझ्झहरा ह्या शहरात ९३६ च्या सुमारास अबुल कासिम अल-जहरावी जन्मला. त्याच्या 'किताब अल-तसरीफ' ह्या ग्रंथाचे तीस भाग आहेत आणि तिसावा भाग सगळा शस्त्रक्रियेचा. त्यात जिभेखाली होणाऱ्या 'जिफदा'वर एक छोटं प्रकरण आहे. जिफदा म्हणजे बेडूक. जिभेखाली लाळेची नळी तुंबली किंवा फुटली की तिथं निळसर-पांढरी, पाण्यानं भरलेली पिशवी येते, बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखी. जहरावीच्या आधी ग्रीकांनी तिला 'बत्राखोस' म्हटलं होतं, लॅटिनवाल्यांनी 'रानुला' म्हटलं. दोन्हींचा अर्थ बेडूक. आजचे डॉक्टर रानुलाच म्हणतात. (आपण मराठीत दंडाच्या स्नायूला बेडकुळी म्हणतो, तेव्हा शरीरात बेडूक शोधायची हौस फक्त ग्रीकांना आणि अरबांना होती असं नाही.)

जहरावीचं ते प्रकरण पानभराचंही नाही, पण त्यातली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा वाचाविशी वाटते. तो सुरुवातीलाच चाकू हातात घ्यायला सांगत नाही. तो म्हणतो, रोग्याला उन्हात बसवा, तोंड उघडायला लावा आणि नीट बघा. गाठ काळपट असेल, कडक असेल, तिथं संवेदना नसेल, तर हात लावू नका, तो सरतान आहे. पांढरट असेल, आत ओलावा असेल, तर आकड्यानं उचलून धरा, पातळ पात्यानं कापा आणि सगळ्या बाजूंनी मोकळी करून काढा. रक्त आलं तर काय लावायचं, नंतर सिरका आणि मिठाच्या गुळण्या, हे सगळं पुढे येतं. पण आधी ऊन आणि नजर.

सरतान म्हणजे खेकडा. ग्रीक कार्किनोस, लॅटिन कॅन्सर, आपला कर्करोग, सगळीकडे तोच खेकडा. म्हणजे त्या एका पानावर जहरावी आपल्या शागिर्दांना सांगतोय की बेडूक आणि खेकडा यांत फरक करायला शिका. फुप्पीला सात वर्षांत हेच कुणी सांगितलं नव्हतं.

खेकड्याला हात लावू नका, हा त्याचा सल्ला आज कुणी मानणार नाही, मानूही नये. पण त्यात त्याचा प्रामाणिकपणा आहे. कर्करोगाच्या प्रकरणात तो सरळ कबूल करतो की मोठा आणि जुना सरतान मला स्वतःला कधी बरा करता आला नाही आणि दुसऱ्या कुणी केलेलाही मी पाहिला नाही. सगळे रोग बरे करण्याच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचत मोठे झालेल्या आपल्याला असा वैद्य दुर्मीळ वाटतो.

इथे माझ्या वाचकांपैकी काहींची छाती फुगली असेल, म्हणून लगेच सांगतो. बेडूक जहरावीनं शोधला नाही. त्याच्या आधी सातव्या शतकात अलेक्झांड्रियात पॉल नावाच्या ग्रीक वैद्यानं शस्त्रक्रियेवर लिहिलं, त्याचं अरबी भाषांतर झालं आणि जहरावी त्याच्या खांद्यावर उभा आहे. त्याचंच पुस्तक बाराव्या शतकात टोलेडोत जेरार्डनं लॅटिनमध्ये नेलं आणि युरोपातले सर्जन काही शतकं त्यावर शिकले. १९०८ साली लखनौमध्ये शस्त्रक्रियेच्या भागाची शिळाछाप आवृत्तीही निघाली. 'आमच्या लोकांनी सगळं आधीच शोधलं होतं' हे वाक्य मशिदीच्या ओट्यावरही ऐकू येतं आणि पारावरही. दोन्हीकडे ते म्हणणारे त्या पुस्तकाचं पान उलटत नाहीत.

पान उलटलं तर काय सापडतं बघा. सुश्रुतसंहितेत तोंडाचे पासष्ट रोग मोजले आहेत, त्यांत टाळूचे नऊ. त्या नवांमध्ये एक 'तालुपुप्पुट' आहे. न दुखणारी, एका जागी स्थिर, आणि आकारानं बोराएवढी! मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. फुप्पीच्या गाठीचं वर्णन करताना मीही बोरच म्हटलं होतं. त्याच यादीत 'कच्छप' आहे. कासवाच्या पाठीसारखा वर आलेला, न दुखणारा, हळूहळू वाढणारा. आणि तिथेच 'अर्बुद'ही आहे, ज्याला सुश्रुत असाध्य म्हणतो. कासवावर आणि बोरावर शस्त्र चालवायला तो सांगतो, टाळूच्या अर्बुदाला असाध्यांत टाकतो. पद्धत तीच, आधी ओळखा. आजच्या कुठल्या रोगाला सुश्रुताचं कुठलं नाव द्यायचं यावर पंडितांनी वाद घालावेत. पण न दुखणारी आणि सावकाश वाढणारी टाळूची गाठ वेगळी काढायला हवी, एवढं त्याला नक्की दिसलं होतं. आणि हे पुस्तक बगदादला पोहोचलं होतं. बर्मकी वजीर याह्या बिन खालिद याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्यानं सुश्रुताचं भाषांतर केल्याची नोंद इब्न अल-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये आहे.

पण ऊन आणि नजर एका हद्दीपर्यंतच चालतात. पुढचं शोधायला आतलं शरीर उघडावं लागलं. लाळ नेमकी कुठून येते हेच फार उशिरा कळलं. १६५६ मध्ये लंडनच्या थॉमस व्हॉर्टननं जबड्याखालच्या ग्रंथीची नळी दाखवली. १६६० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला नील्स स्टेनसन हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी मेंढीचं डोकं फाडत बसला होता. सळई आत सरकवली आणि ती दातावर जाऊन वाजली. कानाखालच्या ग्रंथीची नळी सापडली. लगेच त्याच्या गुरूनं, ब्लासियसनं, ती मीच शोधली असा दावा ठोकला. गुरूजनांची ही सवय तेव्हापासूनची.

आता फुप्पीच्या टाळूत लाळग्रंथी कुठून आली, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत, कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली. पण त्यांशिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तरात साधारण सहाशे ते हजार बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. दाणे पेरावेत तशा. त्यांतल्या कुठल्याही दाण्याला गाठ येऊ शकते, आणि टाळू ही तिची सगळ्यांत आवडती जागा. इथे एक उलटं गणित आहे. ग्रंथी जितकी लहान, तितका खेकड्याचा संशय जास्त. कानाखालच्या मोठ्या ग्रंथीतल्या दहा गाठींपैकी सुमारे आठ साध्या निघतात. टाळूच्या बारीक ग्रंथींच्या गाठींपैकी मात्र जवळजवळ निम्म्या कॅन्सरच्या निघतात. आणि त्यांतला एक खेकडा इतका सावकाश चालतो की वर्षानुवर्षं कासवच वाटतो. 'दुखत नाही, म्हणजे काही नाही' हे फुप्पीचं म्हणणं म्हणूनच धोक्याचं होतं. 'गाठ आहे, म्हणजे भावासारखंच होणार' हेही खरं नव्हतं. तोंड उघडून दाखवण्याखेरीज दोन्हींचा निकाल लागत नाही.

साध्या गाठीचा इतिहासही साधा नाही. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ पाहिली तेव्हा लोक चक्रावले. एकाच गाठीत ग्रंथीच्या पेशी, चिकट पदार्थ, कुठे कूर्चेसारखा भाग, म्हणून तिला 'मिश्र गाठ' म्हणू लागले. आजचं नाव, अनेक रूपांची म्हणून 'प्लिओमॉर्फिक', विलिस ह्या शास्त्रज्ञाचं, १९४८ चं. म्हणजे आमचा जिल्हा निजामाच्या राज्यातून भारतात आला त्या वर्षीचं. उर्दूत अशा गाठीला रसौली म्हणतात, जुन्या मराठीत रसोळी. वर्गात मी हा शब्द फळ्यावर दोन्ही लिपींत लिहितो. मुलांना वाटतं सर काहीतरी गोड पदार्थाचं सांगतायत.

ह्या गाठीला बाहेरून गुळगुळीत आवरण असल्यासारखं दिसतं. म्हणून विसाव्या शतकाच्या जवळजवळ मध्यापर्यंत सर्जन काय करायचे, तर आवरण चिरून वाटाणा शेंगेतून काढावा तशी गाठ पिळून काढायचे. जखम भरायची, रोगी खूश, सर्जन खूश. पाच-दहा-पंधरा वर्षांनी गाठ परत. आणि एक नव्हे, ज्वारीच्या दाण्यांसारख्या अनेक. कुठल्याही साध्या गाठीनं इतकी बदनामी कमावली नसेल. कानाखालच्या गाठीत सर्जनांचा हात आखडण्याला एक सबळ कारणही होतं. ग्रंथीच्या मधूनच चेहऱ्याची नस जाते. ही नस चेहरा हलवते हे १८२१ मध्ये चार्ल्स बेलनं मांडलं होतं. ती कापली गेली तर डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं, आपल्याकडे लोक म्हणतात लकवा मारला. कॅनडात जेन्स आणि इंग्लंडमध्ये हॅमिल्टन बेली यांनी १९४०-४१ च्या सुमारास उलटा विचार मांडला. आधी नस शोधा, तिच्या फांद्या सोडवत जा, आणि गाठ भोवतालच्या ग्रंथीसह काढा. पुढे १९५८ मध्ये पेटी आणि थॅकरे ह्या दोघांनी काढलेल्या ग्रंथींचे काप बारकाईनं तपासून दाखवलं की ते गुळगुळीत आवरण फसवं असतं. कुठे पातळ, कुठे नाहीच, आणि गाठीची बारीक बोटं त्यातून बाहेर गेलेली असतात. पिळून काढलं की ती बोटं मागे राहतात.

गावातल्या त्या माणसानं फुप्पीची गाठ 'फोडली' असती तर काय झालं असतं, ते आता सांगायला नको. अशी गाठ परत परत येते, आणि वर्षानुवर्षं राहिली तर क्वचित तिच्यातूनच कॅन्सर उगवतो. कासवाच्या पाठीतून खेकडा.

ह्या सगळ्यात आपण कुठे होतो? धाराशिव तेव्हा उस्मानाबाद, हैदराबाद राज्यात. हैदराबादेत १८४६ मध्ये डॉ. मॅक्लीन यांच्या हाताखाली वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवत. पुढे डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या काळात माध्यम इंग्रजी झालं. हे तेच लॉरी, ज्यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशातून क्लोरोफॉर्म कमिशन भरवलं. शेकडो जनावरांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय नाही. तो निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. पण त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी ही पारशी तरुणी भूल द्यायला शिकली, आणि जगात भूल देणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये आज तिचं नाव घेतात. भूल आली म्हणून तर नस शोधत बसायला सर्जनला वेळ मिळाला. जहरावीचा रोगी उन्हात शुद्धीवर बसलेला असे.

ज्यांच्या नावावरून आमच्या जिल्ह्याला नाव पडलं त्या मीर उस्मान अली खानांनी १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचं फर्मान काढलं. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीत दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं खातं, कामाला लागलं. शरीरशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंतची पुस्तकं उर्दूत आली, डॉक्टर उर्दूतून शिकून बाहेर पडले. १९४८ नंतर ते संपलं. मला त्याचं दुःख आहे, पण भाबडं नाही. त्या राज्यात बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. उर्दूत शिकलेला डॉक्टरही परंड्याच्या शेतकरणीला मराठीतच विचारत असणार, कुठं दुखतंय. वाईट एवढंच वाटतं की त्यानंतर ना उर्दूत, ना मराठीत, कुणी फुप्पीसारखीला समजेल असं गाठीबद्दल लिहिलं.

लिहिलं नाही, पण सांगितलं मात्र. हे मला फार उशिरा कळलं आणि आमच्याच शेजारचं निघालं. मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. गाठ म्हणजे काय हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवणाऱ्या डॉक्टरांची पिढी ह्या मराठी माणसानं तयार केली. पण खेड्यात किती लोकांना कॅन्सर होतो हे मात्र देशात कुणीच मोजलेलं नव्हतं. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात ती नोंदणी सुरू झाली. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. तिच्यात ३४६ गावं घेतली. बार्शी तालुका, आणि आमच्या जिल्ह्यातले परंडा आणि भूम! अडचण ही की लोक दवाखान्यात येतच नव्हते, मग नोंदवायचं काय? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. लोकांना जमवून सांगितलं की कुठल्या खुणा दिसल्या तर यायचं, संशय वाटला त्यांना तपासणीला बार्शीला आणलं. डॉ. नेने आणि डॉ. जयंत यांच्या लेखांतून हे काम जगापुढे गेलं. नुसती मोजदाद करायला गेलेल्या माणसांमुळे लोक लवकर दवाखान्यात येऊ लागले.

मी फुप्पीला विचारलं, तुझ्या गावात कधी कुणी असं सांगायला आलं होतं का? तिनं आठवून पाहिलं. म्हणाली, आले होते, शाळेत बायकांना बसवून काहीतरी सांगत होते. मी गेले नव्हते. घरात बडे भैया आजारी होते.

शस्त्रक्रिया सोलापूरला झाली. गाठ, तिच्यावरचं अस्तर आणि भोवतीचा थोडा चांगला भाग, हाडाच्या पातळ आवरणापर्यंत सगळं एकत्र काढलं. हाड शाबूत होतं. जखम शिवली नाही. टाळूची कातडी ओढून आणता येत नाही, ती आपसूक कडेकडून भरत येते. वर प्लास्टिकची पातळ पट्टी बसवली, म्हणजे घास जखमेला लागू नये. काढलेल्या गाठीचा पुन्हा तपास झाला, तोच निकाल, कडा स्वच्छ. महिना-दीड महिना मऊ भात, वरण, खिमट. फुप्पीची तक्रार एकच, पट्टीमुळे 'त' आणि 'द' नीट उमटत नाहीत आणि नमाजमध्ये सूरह अडखळते. मी म्हटलं, अल्लाहला उच्चार कळतो. ती म्हणाली, तू मास्टर आहेस, तूच असं म्हणतोस?

कासवाची गोष्ट मी तिला सांगितली. हिंदुस्थानातल्या एका वैद्यानं फार पूर्वी अशीच गाठ पाहिली होती, बोराएवढी, न दुखणारी, हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ती बाई बरी झाली का? मी म्हटलं, बाईचं नाव लिहिलेलं नाही.

नातीचं लग्न झालं. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात फुप्पीनं स्वतः व्याह्यांना गाठीचं सांगून टाकलं होतं. वर्षातून एकदा दाखवायला यायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय, कारण ही गाठ दहा वर्षांनीही परत येऊ शकते. गेल्या वर्षी तिनं टाळलं. ह्या वर्षी ईदनंतरची तारीख आहे, मीच घेऊन जाणार आहे.